दारं मोजायचा दिवस

सकाळी ७, जळगाव
पिशवीत टेप, मल्टिमीटर, वही आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. मे महिना आहे. दुपारी शेडच्या पत्र्याला हात लावता येणार नाही. बोट किंवा कार्ड लावून उघडणारी दारं बसवणं हा माझा धंदा. तरी पहिल्या भेटीला मी यंत्राचं माहितीपत्रक नेत नाही, वही नेतो. तीत तीन रकाने : दार कोणतं, किल्ल्या किती जणांकडे, आणि कोण कधी आत गेलं याची नोंद वाचणार कोण.

८.३०, एमआयडीसीतली डाळमिल
शेठ म्हणाले, "सातही दारांना बसवून टाका, भाऊ." मी म्हटलं, आधी अर्धा तास गोदामाच्या शटरपाशी उभे राहू या. ट्रक लागला होता. पाठीवर पोतं घेतलेले हमाल एकामागून एक जात होते. दोन्ही हात पोत्याला. बोट लावायचं कशाने? इथे यंत्र बसवलं तर चार दिवसांत कुणीतरी दाराला वीट लावून ठेवील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. जे दार कामासाठी दिवसभर उघडंच राहतं, त्याला माणूस आणि वहीच बरी.

बोटांचंही पाहायला हवं. डाळीची भुकटी यंत्राच्या काचेवर बसते आणि पोती ओढून ओढून बोटांच्या रेषा झिजतात. मुकादम आंगठा दाखवत म्हणाला, "दादा, मना आंगठा रेशनना दुकानमा बी लागत नही." ज्याचं धान्य त्या आंगठ्यापायी अडतं, त्याचा खाडाही त्यापायी पडावा, हे मला पटत नाही.

हिशेबाच्या खोलीचं मात्र वेगळं. एक कारकून नोकरी सोडून गेला, किल्ली त्याच्याकडेच राहिली, आणि कुलूप बदलावं लागलं. अशा ठिकाणी यंत्र खरं उपयोगाचं : कार्ड हरवलं तर त्याचा नंबर यादीतून काढला की झालं. विजेच्या पॅनलच्या खोलीतही वायरमनशिवाय कुणी जाऊ नये. सातांतली ही दोनच दारं ठरली, आणि दोन्हींना कार्ड. कार्ड बदलून देता येतं, बोट बदलून देता येत नाही. शिवाय २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आहे. कामगाराच्या बोटाचा ठसा साठवायचा, तर तो कशासाठी आणि कधी पुसणार, हे सांगायची मालकाची तयारी हवी.

११, सराफ बाजार
सोन्याच्या पेढीत प्रश्न उलटा. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंत दार धरून ठेवतं. वीज गेली आणि बॅटरी संपली की दार मोकळं. मालाच्या खोलीला ते चालणार नाही. तिथे वीज गेल्यावरही बाहेरून बंद राहणारं, पण आतून मुठीने उघडणारं स्ट्राइक लॉक सुचवलं. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, ती जुनी रीत तशीच राहू द्या म्हटलं.

१२.३०, रस्त्यावर
एरंडोल, पारोळा. ढाब्यावर शेवभाजी, आणि पुन्हा गाडी.

२.३०, धुळे
केळी पिकवायच्या थंड खोल्या. आत सोळा-अठरा अंश तापमान, इथिलीन वायू सोडलेला, आणि पिकणाऱ्या फळांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठत जाणारा. कुणीही उठून दार उघडलं तर माल नीट पिकत नाही, म्हणून मालकाला कुलूप हवंय. मागणी रास्त आहे. पण अशा दारापाशी आलो की मला एक जुना दिवस आठवतो.

धंद्यात नवा असताना एका शीतगृहात मी चुंबकी कुलूप बसवलं. आतून बाहेर येण्यासाठी फक्त एक बटण दिलं. पुढे ओल धरून ते बटण बिघडलं. वीज चालू, चुंबक दार धरून, आणि आत एक पोरगा. तो पंधरा मिनिटं दार बडवत होता. सुखरूप निघाला, पण चूक माझी होती. ६०० पौंडांचं चुंबक म्हणजे साधारण २७० किलोची पकड. पोराच्या खांद्याने ती सुटत नाही.

तेव्हापासून आत दोन गोष्टी दिल्याशिवाय मी काम घेत नाही : एक बटण, आणि चुंबकाची वायर थेट तोडणारा लाल आपत्कालीन स्विच. तो यंत्राच्या मेंदूला विचारत बसत नाही. मालक म्हणाले, "लाल स्विच कुणीही दाबेल ना?" दाबू द्या. दाबला की भोंगा वाजेल, आणि दाबणारा जिवंत बाहेर येईल.

बॅटरीचंही सांगितलं. चुंबक साधारण अर्धा अँपिअर खातं. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चौदा तास पुरते. खानदेशच्या उन्हाळ्यात जुन्या बॅटरीकडून त्याच्या निम्म्याचीही खात्री मी देत नाही.

५, धुळ्यातलंच एक दुकान
पाच माणसं, एक दार. उघडायला आणि बंद करायला मालक स्वतः. वहीतला तिसरा रकाना कोराच राहिला, कारण नोंद वाचायला कुणी नाही आणि वाचण्यासारखं काही नाही. "चांगलं कुलूप घ्या, दुसरी किल्ली घरी ठेवा," म्हटलं. चहा घेऊन निघालो.

रात्री ९, जळगाव
अंदाजपत्रकं लिहितोय. डाळमिल : सातऐवजी दोन दारं. पेढी : एक. केळीच्या खोल्या : तीन, लाल स्विचसह. दुकान : काही नाही. प्रत्येक कागदाच्या शेवटी एकच ओळ हाताने लिहितो : दर महिन्याच्या १ तारखेला मेन स्विच पाडा, स्वतः आत उभे राहा, आणि बाहेर येता येतं का ते बघा.