गंजलेल्या शिवणयंत्राची शुश्रूषा

पुष्कळ घरांतून माळ्यावर किंवा जिन्याखालीं एखादें जुनें शिवणयंत्र पडून असतें. एके काळीं त्यानें घरांतील मुलांचे कपडे शिवले, प्रसंगीं संसाराचा भारही वाहिला. पुढें तें मागें पडलें आणि चार-दोन पावसाळ्यांनीं त्याच्यावर तांबूस पुटें चढविलीं. अशा यंत्राचा नाश दोन प्रकारें होतो. निराश झालेला मालक तें मोडींत घालतो. उत्साही मालक तें कानशीनें आणि जहाल आम्लानें घासून काढतो. पहिल्याच्या हातून यंत्र एकदम जातें, दुसऱ्याच्या हातून हळूहळू. गंज म्हणजे काय आणि कोणत्या भागाला कोणता उपचार सोसतो, एवढें उमगलें तर दोन्ही नुकसानी टळतात.

लोखंड, पाणी आणि प्राणवायु हीं एकत्र आलीं कीं गंज तयार होतो. त्यांत मिठाचा अंश मिसळला तर ही क्रिया अधिक वेगानें चालते. म्हणूनच मुंबई-कोंकणांतील खारी हवा यंत्रांना बाधते. गंजाला मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा लागते. त्यामुळें स्क्रूच्या आट्यांत शिरलेला गंज पाचरीसारखा काम करून तो स्क्रू आवळून धरतो. शिवाय गंज सच्छिद्र असल्यानें ओल धरून ठेवतो आणि खालच्या धातूला पोखरीत जातो. गंज काढतां येतो, पण गंजांत गेलेलें लोखंड परत येत नाहीं. घांसण्याचा हात आवरता घ्यावयाचा तो यासाठींच.

आरंभीं रोगाचें निदान करावें. यंत्राचें चाक फिरत नसलें कीं तें गंजलें असा समज होतो. परंतु अनेकदां दोष गंजाचा नसून तेलाचा असतो. खोबरेल किंवा दुसरें खाद्य तेल यंत्रांत घातलें तर तें हवेनें घट्ट होऊन डिंकासारखें चिकटतें. अशा सांध्यांत थोडें रॉकेल सोडून एक-दोन दिवस थांबावें, चाक मागें-पुढें हलकेंच हलवावें. जोर मुळींच करूं नये. सांधे मोकळे झाले कीं रॉकेल पुसून शिवणयंत्राचें पातळ खनिज तेल घालावें, कारण रॉकेल मळ सोडवितें, पण टिकाऊ वंगण देत नाहीं. हें काम विस्तवापासून दूर, उघड्या हवेंत करावें.

खोलतांना प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र घेऊन ठेवावें आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावे. स्क्रूच्या खांचेंत बरोबर बसेल असाच पेचकस वापरावा. लहान पेचकसानें खांच फाटते आणि स्क्रू कायमचा अडकतो.

वरवरचा गंज असेल तर तेल आणि अतिशय बारीक पोलादी लोकर एवढें पुरतें. सुईखालची पट्टी, कापड पुढें सरकविणारे दांते, कापड दाबणारा पाय हे भाग असे स्वच्छ होतात. शटल, बॉबिनची डबी आणि दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या यांना मात्र पॉलिशकागद लावूं नये. या भागांवरून दोरा सरकतो. तेथें सूक्ष्म ओरखडा राहिला तरी दोरा अडतो, तुटतो किंवा टांका सुटतो. शटलचें टोंकच गंजानें झिजलें असेल तर तें बदलावें हें उत्तम. गंजलेली सुई तर फेंकूनच द्यावी.

गंज खोल असेल तर साध्या, मुलामा नसलेल्या पोलादी भागांना सौम्य आम्लाचें स्नान घालतां येतें. पांढरा सिरका, किंवा १ लिटर पाण्यांत सुमारें ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, एवढी तीव्रता पुरेशी होते. भाग बुडवून दर तासाला पाहावा, सुटलेला गंज जुन्या दांतघासणीनें काढावा. गंज गेला कीं भाग स्वच्छ पाण्यानें धुवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुचकळून, पुन्हां धुवून तत्काळ कोरडा करावा आणि तेल लावावें. ओला भाग तसाच ठेवला तर त्यावर पाहतां पाहतां नवा गंज धरतो.

या स्नानास अपवाद आहेत. निकेलचा मुलामा असलेल्या भागांत आम्ल मुलाम्याखालीं शिरून पापुद्रे सोडवितें. पोलादी स्प्रिंगा आम्लांत ठेवल्यास ठिसूळ होण्याची भीति असते. जस्ताचे व ॲल्युमिनियमचे भाग तर आम्लांत विरघळूं लागतात. या सर्वांना तेल आणि मऊ फडकें हाच उपचार. मोरी धुण्याचें ॲसिड कोणत्याही भागाला लावूं नये; त्याच्या नुसत्या वाफेनेंही शेजारचें लोखंड गंजतें.

यंत्राचें काळें अंग आणि त्यावरील सोनेरी नक्षी यांची निराळी काळजी घ्यावी लागते. स्पिरिटनें नक्षीवरील रोगण विरघळतें, आणि जोरानें घांसल्यास नक्षीच निघून जाते. तेथें शिवणयंत्राच्याच तेलाचा बोळा हलक्या हातानें फिरवावा. पायट्याच्या बिडाच्या सांगाड्याला मात्र एवढी नाजूक वागणूक नको. तारेच्या ब्रशानें गंज झाडून, पुसून, गंजरोधक रंग द्यावा.

यंत्र जोडल्यावर प्रथम दोऱ्यावांचून चाक हातानें फिरवून पाहावें. कोठें अडलें तर तेथेंच थांबून कारण शोधावें. मग नवी सुई घालून चिंधीवर शिवण घालावी, म्हणजे उरलेलें तेल त्या चिंधींत उतरतें. पुढें पावसाळ्यांत यंत्र भिंतीपासून दूर, सुती आच्छादनाखालीं ठेवावें. घट्ट प्लॅस्टिकमध्यें गुंडाळल्यास ओल आंतच कोंडते. आणि काम नसलें तरी महिन्यांतून एकदां तेलाचे चार थेंब देऊन चाक फिरवावें. चालत्या यंत्राला गंज सहसा गांठीत नाहीं.