दोन वयांचे केस, तीन तऱ्हांचं पाणी

लांब केसांची बाई दुकानात शांपू मागते तेव्हा तिच्या मनात एकच डोकं असतं. वास्तविक तिच्याकडे निदान दोन तऱ्हांचे केस असतात. माणसाचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा. वेणी कमरेपर्यंत साठ सेंटिमीटर असेल तर तिचं टोक चार वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं असतं. त्या टोकाने चार मे महिने सोसले, शेकडो न्हाणी सोसली, गुंता सोडवताना झालेली ओढाताण सोसली. शिवाय दर दीड महिन्याने मुळं रंगवताना ‘उरलाय तर फिरवून टाकू’ म्हणून शेंड्यांपर्यंत नेलेल्या रंगाचा प्रत्येक थर सोसला. मुळाशी मात्र परवाचा ताजा केस. टाळू तेलकट आणि शेंडे केरसुणीसारखे, ही तक्रार ब्यूटी पार्लरमध्ये रोज ऐकू येते. त्यात चमत्कारिक काही नाही, हे नुसतं वयातलं अंतर आहे.

खरेदीची सगळी गोम या अंतरात आहे. शांपू घ्यायचा तो टाळूकडे बघून, कंडिशनर घ्यायचा तो शेंड्यांकडे बघून. आणि पैसे मोजकेच असतील तर दुसऱ्यावर जास्त घालावेत. शांपू डोक्यावर दोन मिनिटं राहून मोरीतून वाहून जातो, कंडिशनरचा काही भाग केसावर उरतो. आपल्याकडे हिशेब नेमका उलटा असतो. शांपूची मोठी बाटली महागातली आणि कंडिशनर तिच्यावर फुकट मिळालेला सॅशे.

भोपाळमध्ये या खरेदीला आणखी एक बाजू आहे, ती पाण्याची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी नागपूरऐवजी भोपाळला आली. सचिवालयाबरोबर नागपूरकडची कितीतरी मराठी बिऱ्हाडं टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत येऊन पडली. पुढे ‘भेल’च्या अवजड विद्युतयंत्रांच्या कारखान्यामुळे पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यातही मराठी घरं झाली. त्यांच्याबरोबर खोबरेलाची बाटली आणि शिकेकाईचा डबा आला. नाती आज न्यू मार्केटात ‘बर्गंडी’ आणि ‘कॅरॅमल’ अशा छटा मागतात. आजी, आई आणि नात एकाच मोरीत न्हातात, पण नळाला पाणी कुठलं येतं यावर तिघींच्याही केसांचं बरंचसं ठरतं.

शहराला बडा तलाव, कोलार धरण आणि नर्मदा अशा तिन्हींचं पाणी मिळतं. कडेच्या नव्या वसाहतींत मात्र बोअर आणि टँकरवर भिस्त असते. भोपाळ विंध्याचा वालुकाश्म आणि दख्खनचा काळा पाषाण यांच्या शिवेवर वसलंय. पृष्ठभागाचं पाणी तुलनेने मऊ. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. तपासणीचा कागद नसला तरी मोरीत बघा. बादलीच्या आतल्या काठाला पांढरं कडं धरतं का? नळाच्या तोटीवर खवले चढतात का? मग तेच क्षार केसांवरही बसतात. रंगवलेल्या केसांवर तर जास्तच, कारण रंगातल्या रसायनांनी केसाच्या पृष्ठभागावर ऋण भाराच्या जागा वाढवलेल्या असतात आणि कॅल्शियम तिथे जाऊन चिकटतं. न्हाल्यावर ओला केस दोन बोटांत धरून ओढला तर करकरतो. अनेकींना ते स्वच्छतेचं लक्षण वाटतं. बहुतेक वेळा ते वंगण संपल्याचं लक्षण असतं.

यावर उपाय बाटलीच्या मागच्या बाजूला असतो. ‘डायसोडियम ईडीटीए’ किंवा ‘टेट्रासोडियम ईडीटीए’ हे नाव क्षारांना पकडून धरणाऱ्या घटकाचं. पुष्कळ साध्या शांपूंत ते थोडंसं असतं. क्षार काढण्यासाठी खास बनवलेल्या शांपूत अशा घटकांचं प्रमाण जास्त असतं, तो महिन्यातून एकदा पुरे. रोज वापरला तर रंगही उतरवेल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे शेवटचे दोन मग मऊ पाण्याचे घ्यावेत. फक्त एक काळजी घ्या. आरओ यंत्राच्या बाजूच्या नळीतून निघणारं पाणी बादलीत साठवून वापरण्याची चांगली सवय आता घरोघरी आहे. त्याने फरशी पुसा, अंगण धुवा, पण केसांना ते लावू नका. गाळून मागे टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात.

आता रंगाकडे येऊ. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ पापुद्रे असतात, आत केराटिनचे धागे आणि नैसर्गिक रंगद्रव्य. पापुद्र्यांवर एका खास मेदाम्लाचा थर असतो, रासायनिक बंधाने जखडलेला. पाणी झटकणं, गुंता न होऊ देणं, चमक, हे सगळं त्याच्यामुळे. टिकाऊ रंगात अमोनिया किंवा तत्सम अल्कली असते, ती पापुद्रे फुगवून उघडते. सोबतच्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. पार्लरवाली ज्याला ‘२० व्हॉल्यूम’ म्हणते ते ६ टक्क्यांचं. ते आधीचा रंग फिका करतं आणि आत शिरलेल्या लहान रेणूंना जोडून मोठे, रंगीत रेणू बनवतं. ते मग बाहेर पडू शकत नाहीत. या खटाटोपात तो मेदाचा थर जातो, आणि एकदा गेला की त्या केसावर परत उगवत नाही, कारण केस मृत आहे. ‘केसांना पोषण’ हे शब्द जाहिरातीत कितीही गोड वाटले तरी टाळूबाहेरच्या केसाला खाऊ घालता येत नाही. त्याला फक्त लेप देता येतो आणि जपता येतं.

‘अमोनिया-फ्री’ रंगाने केस खराब होत नाहीत, हाही असाच गैरसमज. त्यात बहुधा मोनोइथेनॉलअमाइन नावाची दुसरी अल्कली असते. तिला नाकात जाणारा वास नाही, एवढाच ठळक फरक. पापुद्रे तीही उघडते.

तर बाटली उलटी करून वाचायची कशी? न्यू मार्केटातल्या कुठल्याही दुकानात ‘आर्गन ऑइल’वाला कंडिशनर हातात घ्या. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याखालचे घटक मात्र शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. पहिलं पाणी. दुसरं-तिसरं ‘सीटेअरिल अल्कोहोल’. हे नाव वाचून बिचकू नका. हे मेणासारखं, मऊपणा देणारं अल्कोहोल आहे, केस कोरडे करणारं नव्हे. मग ‘बेहेनट्रायमोनियम क्लोराइड’ किंवा ‘सीट्रिमोनियम क्लोराइड’. हे धन भाराचे, म्हणून खराब झालेल्या ऋण जागांवर नेमके जाऊन बसतात. ‘अमोडायमेथिकोन’ हे सिलिकोनही तसंच जिथे गरज तिथे चिकटणारं. कोरड्या रंगीत केसांना ही नावं यादीच्या वरच्या भागात हवीत. खाली ‘फिनॉक्सिइथेनॉल’ दिसेल, ते टिकवणारं द्रव्य, एक टक्क्याच्या आतच वापरतात. ज्या तेलाचं चित्र बाटलीवर पुढे झळकतं ते जर याच्याही मागे लिहिलेलं असेल, तर ते चवीपुरतंसुद्धा नाही, नावापुरतं आहे.

सिलिकोनबद्दल उगाच भीती पसरलीय, असं माझं मत आहे. पातळ, विरळ केस त्याने चपटे दिसतात, हे खरं. पण लांब, जाड, रंगवून राठ झालेल्या केसांवर त्याच्याइतका गुंता वाचवणारं दुसरं फार थोडं आहे. आणि लांब केस तुटतात ते प्रामुख्याने गुंत्यातच.

शांपूंमध्ये सध्या ‘सल्फेट-फ्री’चा गाजावाजा आहे. सोडियम लॉरिल सल्फेट कोरड्या केसांना खरंच कडक पडतं. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य, आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन सोबत असलं तर आणखी सौम्य. कोकोइल आयसेथिओनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड असलेले शांपू त्याहून मवाळ. परवडत असतील तर जरूर घ्यावेत. पण रंग उतरण्याचं सगळं पाप सल्फेटच्या माथी मारणं बरोबर नाही. रंग उतरवण्यात पाण्याचा स्वतःचा वाटा मोठा आहे. आठवड्यात चार न्हाण्यांची दोन केली, कढत पाण्याऐवजी कोमट घेतलं आणि शांपू फक्त टाळूला चोळला, की साध्या शांपूतही रंग बरा टिकतो. लाल छटा मात्र लवकर फिकी पडते.

तेलाविषयी आपल्याकडे आईचा शब्द अखेरचा असतो, आणि इथे आईचं बरोबर निघालं. मुंबईच्या ‘मॅरिको’तल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी आणि नंतर लावून पाहिल्यावर केसांतून प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली, चांगल्या केसांत आणि खराब केसांतही. कंपनी खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच वाचावं. पण कारणही पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ, म्हणून ती केसाच्या आत शिरते. मग न्हाताना केस कमी फुगतो आणि पापुद्र्यांची उघडझाप कमी होते. फक्त निथळेपर्यंत थापू नये. इतकं तेल काढायला दोनदा शांपू करावा लागतो आणि मिळवलेलं सगळं मोरीत जातं. रात्री किंवा न्हाण्याआधी तासभर, शेंड्यांना चमचाभर पुरे. भोपाळच्या डिसेंबरात बाटली थिजते. ती गच्चीवर उन्हात ठेवायची, गॅसवर नाही.

शिकेकाईची गोष्ट वेगळी. तिच्यातलं सॅपोनिन सौम्य स्वच्छ करतं आणि तिचा काढा जरासा आम्लधर्मी असतो, रंगीत केसांना ते मानवतं. पण जाडसर पूड लांब केसांत चोळली तर खरखरते आणि अडकते. म्हणून उकळून, फडक्यातून गाळून घ्यावी. नावात शिकेकाई असलेली साबणाची वडी हा वेगळाच प्रकार. साबण अल्कधर्मी, शिवाय बोअरच्या पाण्यात त्याचा चिकट साका होतो. रंगवलेल्या केसांना तो नकोच. भोपाळमध्ये शेंगा मिळवण्याची एक चांगली सोय आहे. राज्याच्या लघु वनोपज संघाचं प्रक्रिया केंद्र बरखेडा पठाणीला आहे, ‘विंध्य हर्बल्स’ हा त्याचाच ब्रँड. लाल परेड मैदानावर भरणाऱ्या वन मेळ्यात शिकेकाई, रिठा, आवळा सुटा मिळतो. रिठा कोरड्या केसांना जपून, तो जास्त धुऊन काढतो.

मेंदीचं एकच सांगते. शुद्ध मेंदीतलं लॉसोन केसांना फक्त केशरी-लाल रंग देतं. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकलं जातं त्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंगच असतो. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइडचा रंग लावला की केस तापतात आणि तुटतात. त्यामुळे चौकातली सुटी मेंदी लावून महिनाभराने पार्लरला जाणार असाल, तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा. पार्लरवाली आधी एका बटेवर रंग लावून बघेल. पीपीडीची अॅलर्जी तर पहिली काही वर्षं काहीच न होता अचानक उठते. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबायची सूचना पाकिटावर छापलेली असते, आणि ती दर वेळी पाळायची असते.

जुन्या भोपाळची ओळख लोक पर्दा, जर्दा आणि गर्दा अशी सांगतात. गर्दा म्हणजे धूळ अजून आहे, आणि पर्दा स्कूटरवरच्या मुलींनी स्कार्फच्या रूपाने परत आणलाय. केसांसाठी तो उत्तमच, ऊन रंग फिका करतं आणि वारा गुंता करतो. मात्र सुती स्कार्फ केसांवर घासतो, त्याखाली सॅटिनचा तुकडा घेतला तर शेंडे कमी फाटतात. गुंता ओल्या केसांत, कंडिशनर असतानाच, रुंद दातांच्या फणीने खालून वर सोडवत जावा.

दिवाळीचं वेळापत्रक नेहमी चुकतं. धनत्रयोदशीला रंग लावून दुसऱ्याच पहाटे अभ्यंगाचं तेल, उटणं, कढत पाणी आणि दोनदा शांपू, म्हणजे पैसे मोरीत. रंग आठ-दहा दिवस आधी करावा. पहाटे तेल टाळूला बोटभर, शेंड्यांना नाममात्र, आणि उटणं अंगालाच. दिवाळी सरली, की तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आहेच. तेव्हा पार्लरमध्ये ‘केराटिन’ किंवा ‘स्मूदनिंग’चा आग्रह होईल. त्या द्रावणात फॉर्मॅल्डिहाइड आहे का ग्लायऑक्सिलिक आम्ल, हे विचारा. यातल्या दुसऱ्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२४ साली आली आहे. बाटली दाखवायला पार्लर तयार नसेल तर पदर खोचून उठा, आणि त्या पैशात शेंडे दोन बोटं कापून चांगला कंडिशनर घ्या.