पहिल्या नंबरावरून घरी परतलेली मेरी

दोस्तांनो, ‘बीटल्स’ हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. तुम्ही नाही तर आईबाबांनी तरी नक्कीच! पण याच बीटल्सना पहिल्या नंबरावरून खाली खेचणारी अठरा वर्षांची मेरी हॉपकिन माहीत आहे?

मेरी वेल्समधल्या पॉन्टारडावे या छोट्या गावची. जन्म १९५० चा. गिटार घेऊन लोकगीतं गायची, तीही बऱ्याचदा आपल्या वेल्श भाषेत. १९६८ मध्ये ती टीव्हीवरच्या ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या स्पर्धेत गायली आणि जिंकली. तो कार्यक्रम ट्विगी ही प्रसिद्ध मॉडेल बघत होती. तिने लगेच बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला मेरीबद्दल सांगितलं. बीटल्सनी नुकतीच ‘ॲपल’ ही रेकॉर्ड कंपनी काढली होती आणि त्यांना नवे आवाज हवेच होते. मेरीच्या घरी तार आली. तिने फोन केला, तर पलीकडचा माणूस लंडनला बोलावू लागला. बाईसाहेबांनी सरळ आईशी बोलायला सांगितलं! तो माणूस खुद्द पॉल होता, बरं का.

पॉलने तिच्यासाठी गाणं निवडलं ‘दोज वेअर द डेज’. चाल जुनी, बोरिस फोमिन या रशियन संगीतकाराची. इंग्रजी शब्द जीन रास्किन या अमेरिकन माणसाचे. त्यात आपल्या संतूरची आठवण करून देणारं सिंबलम नावाचं वाद्य वाजतं. गंमत म्हणजे गाणं आहे सरलेल्या तरुणपणाच्या आठवणींचं, आणि गाणारी मुलगी जेमतेम अठराची! तरी ते खोटं वाटत नाही, कारण मेरी उगाच रडवेला सूर लावत नाही. इंग्लंडमध्ये बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ला हटवून हे गाणं सहा आठवडे पहिलं राहिलं. अमेरिकेत मात्र त्याच ‘हे ज्यूड’ने तिला दुसऱ्या नंबरावर अडवलं. फिट्टंफाट!

१९६९ मध्ये पॉलने स्वतः लिहून दिलेलं ‘गुडबाय’ आलं. तेही दुसरं. वर कोण? पुन्हा बीटल्सच, ‘गेट बॅक’ घेऊन.

इथपर्यंत सगळं छान. पण आता मेरीला मिळू लागली ती उडत्या चालीची, टाळ्या घेणारी गाणी. १९७० मध्ये ॲमस्टरडॅमच्या युरोव्हिजन स्पर्धेत ती ब्रिटनतर्फे असंच एक गाणं गायली आणि दुसरी आली. जिंकली आयर्लंडची डाना, तीही अठरा वर्षांचीच. लोकांना मेरीचं गाणं आवडलं, पण मेरीला स्वतःला नाही! आपल्याला न आवडणारं गाणं हसत हसत म्हणत राहायचं, म्हणजे केवढी शिक्षा, विचार करा.

मग १९७१ मध्ये तिने मनासारखा अल्बम केला, ‘अर्थ साँग, ओशन साँग’. शांत, साधी, लोकसंगीताच्या वळणाची गाणी. मला विचाराल तर तिचं सगळ्यात सुंदर काम हेच. पण तो फारसा खपला नाही. त्याच वर्षी त्या अल्बमचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याच्याशी तिचं लग्न झालं आणि एकविसाव्या वर्षी ती या झगमगाटातून बाजूला झाली. पहिल्या रेकॉर्डनंतर फक्त तीन वर्षांनी!

गाणं मात्र सुटलं नाही. डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या ‘साउंड अँड व्हिजन’मध्ये मागे एक कोवळा आवाज अगदी थोडा वेळ येतो. तो मेरीचा. पुढे २००७ मध्ये ‘व्हॅलेंटाइन’ हा अल्बम निघाला, तो तिच्याच नावाच्या छोट्या कंपनीकडून. कुठे मिळालाच, तर दिवा मालवून ऐका.