नेटवर्कची राखण व आपोआप मिळणारे इशारे

ज्वारी दाण्यांत आली म्हणजे शेतांत माळा उभारून त्यावर राखण्या बसविण्याची आपली जुनी वहिवाट आहे. राखण्या चांगला कोणता, असें विचारल्यास रात्रभर ओरडणारा तो चांगला, असें कोणीहि जाणता शेतकरी सांगणार नाहीं. डुकरें बांधावर आलीं असतां जो ओरडतो व वाऱ्यानें ताट हललें असतां जो गप्प राहतो, तोच खरा राखण्या. हें साधें तत्त्व विसरल्यामुळें आमच्या संस्थेच्या सभासदांचें जें नुकसान झालें, तें सांगून त्यावरील उपायाची माहिती देण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

दूध-संकलन केंद्र हें आतां केवळ मापें व कॅन यांचें ठिकाण राहिलेलें नाहीं. वजनकांटा, फॅट मोजण्याचें यंत्र, संगणक, बल्क कूलरवरील उष्णतामानाचा सेन्सर आणि या सर्वांस जोडणारे स्विच व राउटर, असें एक लहानसें जाळेंच तेथें असतें. या जाळ्यावर देखरेख ठेवणारें सॉफ्टवेअर आम्हीं बसविलें होतें व बिघाड दिसतांच चिटणिसांच्या मोबाईलवर संदेश जावा, अशी तजवीजहि केली होती. परंतु नियम घालून देतांना जो विचार करावयास हवा होता, तो आम्हीं केला नाहीं. राउटर क्षणभर थबकला तरी संदेश. सायंकाळचें कोमट दूध कूलरमध्यें पडून उष्णतामान वाढलें तरी संदेश. वीज गेली म्हणजे तर एकदम दहा-बारा संदेश! अखेरीस चिटणीस रात्रीं मोबाईलचा आवाज बंद करून निजूं लागले. आणि त्याबद्दल त्यांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. वैशाखांतील एका रात्रीं कूलरचा कॉम्प्रेसर बंद पडला. संदेश वेळेवर आला होता. परंतु तो वाचला गेला पहाटे. तोंपर्यंत सायंकाळचें सर्व दूध नासलें होतें. एक म्हैस दारांत बांधून घर चालविणाऱ्या बायाबापड्यांचे पैसे त्या दुधांत होते. इशारा न मिळाल्यानें नव्हे, तर इशारे फार मिळाल्यानें हें नुकसान झालें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.

अशा देखरेखीचीं सॉफ्टवेअरें अनेक आहेत. त्यांपैकीं नागिऑस हें १९९९ सालीं नेटसेंट या नांवानें प्रथम बाहेर आलें. आणि झॅबिक्स हें लॅटव्हिया देशांतील अलेक्सेई व्लादिशेव यांनीं रचिलेलें असून तें २००१ सालीं लोकांस खुलें झालें. झॅबिक्स घेण्यास परवान्याचा खर्च पडत नाहीं, म्हणून आम्हीं तें पत्करलें आहे. त्याचें काम तीन भागांत चालतें. यंत्रांकडून ठराविक वेळानें जी नोंद घ्यावयाची, तिला आयटम म्हणतात. त्या नोंदीवर बसविलेल्या अटीस ट्रिगर म्हणतात. आणि अट खरी ठरल्यास कोणास काय कळवावयाचें, त्या योजनेस ॲक्शन म्हणतात. नोंद घेण्याची सर्वांत सोपी रीत पिंगची. दारावर थाप मारून "घरांत कोणी आहे काय?" असें विचारण्यासारखीच ती आहे. अमेरिकेंतील माइक म्यूस यांनीं १९८३ सालीं ती प्रचारांत आणिली. याहून तपशीलवार विचारपूस एसएनएमपी नांवाच्या रीतीनें होते. तिचे नियम १९८८ पासून प्रसिद्ध आहेत.

आतां नियम कसे घालावे, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, मर्यादेबरोबर मुदतहि ठरवावी. दूध ४ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावयाचें असतें. "६ अंशांहून अधिक झाल्यास इशारा" एवढाच नियम केला, तर एकाच चुकीच्या नोंदीनें हांक जाईल. त्याऐवजीं "गेल्या १५ मिनिटांतील किमान नोंद ६ अंशांहून अधिक असल्यास" असा नियम करावा. सर्वांत कमी नोंदच जर सहावर असेल, तर बाकीच्या सर्व नोंदी सहावर असल्याच पाहिजेत, हें उघड आहे. नागिऑसमध्यें हेंच काम अनेक वेळां फेरतपासणी करून साधतात व मगच बिघाड पक्का धरतात. कोमट दूध पडत असतां मात्र हा नियम लागूं नये, म्हणून संकलनाची वेळ व त्यानंतरचे थंड होण्याचे तास त्यांतून वगळावे. तेवढ्या वेळेकरितां निराळा नियम असावा: संकलन संपल्यावर तासाभरांत उष्णतामान मुळींच उतरलें नाहीं, तर कळवावें. नाहींतर कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळीं बंद पडल्यास कोणास पत्ता लागणार नाहीं.

दुसरी गोष्ट, संकट टळलें असें मानण्याची मर्यादा निराळी ठेवावी. सहा अंशांवर इशारा व सहाच्या खालीं सुटका, असें ठेविल्यास उष्णतामान ५.९ व ६.१ यांमध्यें झोंके घेऊं लागतांच संदेशांची रीघ लागते. आम्हीं गेल्या १० मिनिटांतील कमाल नोंद ५ अंशांच्या खालीं गेल्यावरच सुटका मानतों.

तिसरी गोष्ट, अवलंबन. स्विच बंद पडला म्हणजे त्यामागील वजनकांटा, संगणक व सेन्सर हे सर्वच मुके होतात. पाटाचें दार बंद झाल्यावर प्रत्येक वाफा कोरडा असल्याची निराळी तक्रार करण्यांत काय अर्थ? झॅबिक्समध्यें एक ट्रिगर दुसऱ्यावर अवलंबून आहे असें सांगतां येतें. मग मूळ बिघाडाचा एकच संदेश येतो.

चौथी गोष्ट, मौन हाहि इशारा समजावा. सेन्सरची तार तुटली म्हणजे नोंदच येत नाहीं आणि नोंद नाहीं म्हणून अट खरी ठरत नाहीं. अशा वेळीं सर्व कांहीं ठीक आहे असा भास होतो. याकरितां "१० मिनिटें नोंद न आल्यास" असा स्वतंत्र नियम अवश्य असावा.

पांचवी गोष्ट, गांभीर्य. झॅबिक्समध्यें बिघाडाच्या सहा पायऱ्या आहेत; सर्वांत वरची आपत्तीची. पायरी ठरवितांना आम्ही एकच प्रश्न विचारतों: हा संदेश रात्रीं दोन वाजतां आला, तर उठून कांहीं करावयाचें आहे काय? उत्तर होय असेल, तरच मोबाईल वाजावा. संगणकाची डिस्क भरत आली, ही गोष्ट सकाळीं कळली तरी चालते.

सहावी गोष्ट, उत्तराची जबाबदारी. संदेश पाहिल्यावर "पाहिला" अशी पोंच सॉफ्टवेअरमध्यें देतां येते. दहा मिनिटांत पोंच न मिळाल्यास संदेश कूलरवरील कामगारास व आणखी दहा मिनिटांनीं अध्यक्षांस जावा, अशी चढती योजना करावी. दोन पायऱ्यांमधील अंतर मुळांत एक तासाचें धरलेलें असतें. दुधाकरितां तें फार होतें, म्हणून आठवणीनें कमी करावें.

सातवी गोष्ट, संदेशाचा मार्ग. इंटरनेट बंद पडल्याची बातमी इंटरनेटवरूनच पाठवूं जाणें म्हणजे वाहून गेलेल्या पुलावरून निरोप्या धाडण्यासारखें आहे. सर्व्हरला सिमकार्डाचा मोडेम जोडून एसएमएसची सोय करावी आणि सर्व्हर, स्विच व मोडेम हे तिन्ही यूपीएसवर ठेवावे.

आठवी गोष्ट, टँकर गेल्यावर कूलर गरम पाण्यानें धुतात, त्या वेळेची देखभाल म्हणून आधींच नोंद करावी. म्हणजे तेवढ्यापुरते इशारे थांबतात.

शेवटची गोष्ट, राखण्याचीहि राखण हवी. सर्व्हरच बंद पडला तर ओरडणार कोण? म्हणून रोज रात्रीं नऊ वाजतां "सर्व ठीक" असा एक संदेश यावा, अशी व्यवस्था आम्हीं केली आहे. तो न आल्यास चिटणीस स्वतः केंद्रावर जातात. शिवाय महिन्यांतून एकदां सेन्सर मुद्दाम कोमट पाण्यांत बुडवून संदेश खरोखर येतो कीं नाहीं, हें पाहतों. न तपासलेला इशारा हा न पेरलेल्या बियाण्यासारखा. पोत्यांत तो चांगलाच दिसतो.

हे फेरफार केल्यापासून कित्येक रात्री एकहि संदेश येत नाहीं व म्हणूनच आलेला संदेश वाचला जातो. गेल्या पावसाळ्यांत मध्यरात्रीं वीज गेली असतां जनित्र आपोआप सुरू झालें नाहीं. कामगार संदेश पाहून तडक आला, जनित्र हातानें चालू केलें व दूध वांचलें. यंत्र विकत मिळतें, सॉफ्टवेअर तर फुकटहि मिळतें; परंतु कोणत्या गोष्टीस हांक मारावी व कोणत्या वेळीं गप्प राहावें, हें शिकविण्याचें काम मालकासच करावें लागतें. ज्या संस्थांनीं अशीं साधनें बसविलीं आहेत, त्यांच्या चालकांनीं गेल्या आठवड्यांतील संदेश एकदां मोजून पाहावे आणि त्यांतील किती संदेशांवर कोणी जागेवरून उठलें, याचा हिशेब करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.