इथे प्रेक्षक कुणीच नाही!

तुमच्या कॉलेजचा फेस्ट आठवा. स्टेजवर पंधरा जण, खाली पाचशे, आणि त्यातल्या निम्म्यांचे मोबाइल वर. आता समजा, स्टेजच काढून टाकलं. मग खालचे पाचशे जण काय करणार?

अमेरिकेत नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी ‘बर्निंग मॅन’ भरतो, तो याच प्रश्नावर. सुमारे ७० हजार माणसं आठवडाभरासाठी तिथे अख्खं शहर उभारतात आणि परत गुंडाळून नेतात. सुरुवात मात्र अगदी छोटी. १९८६ मध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर आठेक फुटांचा लाकडी पुतळा जाळला. १९९० मध्ये बीचवर जाळायला मनाई झाली आणि पुतळा वाळवंटात पोहोचला.

तिथे जायचं म्हणजे तिकीट काढलं आणि बसलो, असं नाही. पाणी तुमचं तुम्ही न्यायचं, माणशी रोजचं साडेपाच लिटरच्या वर. तंबू, जेवण, धुळीसाठी गॉगल, सगळं स्वतःचं. धूळ इतकी खारी की पाय फुटतात, म्हणून लोक व्हिनेगरच्या पाण्याने पाय धुतात! विकत काय मिळतं? बर्फ. बाकी सगळं एकमेकांना द्यायचं. आणि ‘मी चहा देतो, तू पोहे दे’ असा सौदाही नाही. दिलं ते दिलं. कुणी गाणं देतं, कुणी सायकल दुरुस्त करून देतं. तुम्हाला काय येतं, तेच तुमचं योगदान.

शनिवारी रात्री मधला ‘मॅन’ जळतो. नाच, ढोल, जल्लोष. रविवारी ‘टेंपल’ जळतं, तेव्हा मात्र शांतता. आठवडाभर लोक या लाकडी मंदिराच्या भिंतींवर गेलेल्या माणसांसाठी काही ना काही लिहून ठेवतात. बोलायचं राहून गेलेलं सगळं त्या आगीत जातं.

सगळं गोड गोड आहे का? नाही. तिकीटच शेकडो डॉलरचं. नोकरचाकर घेऊन येणाऱ्या श्रीमंतांच्या कॅम्पवर तर तिथलेच लोक चिडतात. २०२३ मध्ये पाऊस पडला, वाळवंटाचा चिखल झाला, गेट बंद झालं. अन्नपाणी जपून वापरा, अशी सूचना आली आणि ‘मॅन’ सोमवारी जळला. स्वतःची सोय स्वतः करायची, हा नियम का आहे, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

मला सगळ्यात भारी वाटला तो नंतरचा भाग. तिथे कचऱ्याचे डबे नसतात. आपला कचरा आपण घरी न्यायचा. लोक गेल्यावर स्वयंसेवक रांगेने चालत जमीन तपासतात. अगदी खिळा, टिकली, केससुद्धा उचलतात. एकरामागे एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा उरला, तर परवानगीचाच प्रश्न. कुठल्या कॅम्पने किती घाण केली, याचा रंगीत नकाशाही जाहीर होतो.

नेवाडा आपल्याला लांब आहे, तिकीट त्याहून लांब. पण फेस्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर एक चक्कर मारायला काहीच लागत नाही. काय काय पडलंय ते बघा. त्यातलं आपलं किती, तेही मोजा.