दुसऱ्या पसंतीचा आकडा

पेण आणि रोहा तालुक्यांतील पदवीधरांना व माध्यमिक शाळांतील शिक्षकांना दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मतदान करावे लागते आणि लहान पक्षाला दिलेल्या मताचे या दोन पद्धतींत काय होते, हे समजून घेतल्याशिवाय मोठा पक्ष निवडावा की लहान, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. विधानसभेला यंत्रावरचे एकच बटण दाबायचे असते व ज्याला सर्वाधिक मते मिळतील तो निवडून येतो, मग ती मते एकूण मतांच्या निम्मी असोत वा नसोत. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघांत मात्र छापील मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहायचे असतात.

पहिल्या पद्धतीत लहान पक्षाच्या समर्थकाची कशी कोंडी होते, हे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पेणमध्ये दिसले. राज्याच्या राजकारणात एका बाजूचे मानले जाणारे उद्धव ठाकरे यांची शिवसेना आणि शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे रायगडच्या बोलीतला शेकाप, हे दोन्ही पक्ष तेथे स्वतंत्रपणे लढले आणि भाजपचे रवीशेठ पाटील निवडून आले. अशा लढतीत शेकापवर निष्ठा असलेल्या मतदाराला दुसरा पर्यायच नोंदवता येत नाही. त्याने मनाप्रमाणे मत द्यावे तर ते वाया जाण्याची भीती, आणि भीतीपोटी मोठ्या पक्षाला द्यावे तर आपल्या पक्षाची खरी ताकद मतमोजणीत उमटतच नाही.

पसंतीक्रमाच्या पद्धतीला राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदात एकल संक्रमणीय मत म्हटले आहे. मत एकच, पण ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे, असा त्याचा अर्थ. एका जागेच्या निवडणुकीत वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतांचा कोटा ठरतो, म्हणजे मते शंभर असतील तर एक्कावन्न. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणीच कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्या उमेदवारांत वाटल्या जातात. कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालू राहते.

या पद्धतीचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण रोह्याशी जोडलेले आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ मध्ये तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे होते. खासदार आणि आमदार यांच्या मतांना ठरावीक मूल्य असलेल्या त्या निवडणुकीत एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७ होते, म्हणजे कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. कोणीच कोटा गाठला नसल्याने देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीसाठी पुन्हा पाहिल्या गेल्या. अखेरीस गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, तर रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

देशमुखांच्या सर्व मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना दिली असती, तर रेड्डींची बेरीज ४,२६,३१७ झाली असती आणि ते राष्ट्रपती झाले असते. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराला दिलेली मते वाया जाणे तर दूरच, निकालाची किल्ली त्यांच्याच हाती होती. अंतिम बेरजेत सुमारे १०,८०० इतके मतमूल्य कोणाच्याच खात्यात गेले नाही, कारण त्या मतपत्रिकांवर उपयोगी पडेल अशी पुढची पसंती नव्हती.

दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्या उमेदवाराचे नुकसान होते, हा समज निव्वळ चुकीचा आहे. पहिला उमेदवार लढतीत असेपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कोणी पाहतही नाही. पहिली पसंती देताना मात्र मोठ्या पक्षाच्या दबदब्याला बळी पडू नये, कारण बाद कोण होणार हे पहिल्या पसंतीच्या मतांवरच ठरू लागते. शंभरांपैकी ४०, ३१ आणि २९ अशी विभागणी झाली, तर २९ वाला बाद होऊन त्याच्या मतांवर ३१ वाला विजयी होऊ शकतो. तोच लहान पक्ष ३१ ऐवजी २९ वर राहिला, तर खेळ तेथेच संपतो. कोकण शिक्षक मतदारसंघात २०१७ मध्ये शेकापचे बाळाराम पाटील निवडून आले होते, तेव्हा लहान पक्षाला ही जागा अशक्य नाही. २०२३ मध्ये भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी पहिल्याच फेरीत कोटा ओलांडल्याने त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाळाराम पाटलांना दुसऱ्या पसंतीचा आधार मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

लहान पक्षांनीही या पद्धतीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. जुलै २०२४ मध्ये आमदारांनी विधान परिषदेच्या अकरा जागा भरल्या तेव्हा जागा अनेक असल्याने कोटा निम्म्या मतांचा नव्हता, २७४ मतांसाठी तो २२.८४ मतांचा होता. शेकापचे जयंत पाटील पहिल्या पसंतीची १२ मतेच मिळवू शकले आणि पराभूत झाले, तर २२ मतांवर असलेले ठाकरे यांच्या शिवसेनेचे मिलिंद नार्वेकर दुसऱ्या पसंतीच्या बळावर निवडून आले. दुसरी पसंती कोट्याजवळ आलेल्याला हात देते, पहिल्या पसंतीची जागा ती भरून काढत नाही.

मतपत्रिकेवर १ हा अंक नसेल किंवा तो दोन नावांपुढे असेल, तर मत बाद होते. अंक आयोगाने दिलेल्या पेनानेच लिहायचा असतो, बरोबरची खूण चालत नाही. प्रत्येक निवडणुकीआधी मतदारयादी नव्याने तयार होत असल्याने पूर्वी मत दिलेल्यांनाही पुन्हा अर्ज भरावा लागतो. कोकण शिक्षक मतदारसंघाची मुदत २०२९ च्या प्रारंभी संपेल. पेण-रोह्याच्या शिक्षकांनी त्याआधी नाव नोंदवावे, आपल्याला खरोखर हव्या असलेल्या उमेदवारापुढे १ लिहावा आणि २ ची जागा कोरी सोडू नये.