थंडीतला छोटा ट्रॅक्टर
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सुमारे २० पट दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. निफाडच्या द्राक्षबागांत पारा कधी ५ अंशांखाली उतरतो. तेव्हा गारठलेले लोखंड ही उष्णता शोषून घेते, ऑइल घट्ट होते, बॅटरीही मंदावते, म्हणून इंजिन सहज सुरू होत नाही.

ग्लो प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणारा विजेचा प्लग) असल्यास तो आधी १०-१५ सेकंद तापू द्यावा. मग ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे स्टार्टरला गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल घुसळावे लागत नाही. स्टार्टर सलग १० सेकंदांहून जास्त फिरवू नये; मध्ये अर्धा मिनिट थांबावे. ग्लो प्लगच्या इंजिनात ते सुरू करण्यासाठी ईथरचा फवारा मात्र कधीच मारू नये: स्फोटाने पिस्टन फुटू शकतो. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटे कमी वेगावरच चालू द्यावे.